नापासाची बार्ली

त्या रोमन सैनिकांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेली माणसं, त्यांचं मी काय घोडं मारलं होतं? पण नवऱ्याच्या सिंगापुरातल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात कुणीतरी लीडरशिपचं ट्रेनिंग द्यायला आला आणि ते अख्खं सैन्य आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं.

रोमन लोक म्हणे नव्या सैनिकाला खरी तलवार देतच नसत. दुप्पट वजनाची लाकडी तलवार द्यायचे आणि जमिनीत पुरलेल्या खांबावर रोज वार करायला लावायचे. मग खरी आखूड तलवार हातात आली की हलकी वाटायची. हे सांगताना नवरा एवढा खुलला होता की मला तेव्हाच शंका आली.

आमची मुलगी प्रायमरीच्या शेवटच्या वर्षाला. सिंगापुरात ते वर्ष म्हणजे घरोघरी परीक्षेचा घोर. गणित मात्र तिचं लाडकं. एमआरटी ट्रेनमध्ये बसल्या बसल्या आकड्यांची कोडी घालून आम्हाला भंडावून सोडायची. दुसऱ्याच दिवशी याने तिच्यासमोर सेकंडरीचे पेपर ठेवले. का, तर दुप्पट वजन. न शिकवलेलं पोरीला येणार कुठून? रोज संध्याकाळी नुसत्या लाल फुल्या. मला मार्कांची पडली नव्हती. पोरीचा स्वतःवरचा विश्वासच उठेल, ही धास्ती होती.

त्यात साहेबांना आणखी एक आठवलं. सरावात कमी पडलेल्या सैनिकाला गव्हाऐवजी जव, म्हणजे बार्ली, देत. शनिवारी बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, तिने नेहमीचा उसाचा रस मागितला, तर याने बार्लीच्या पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "पेपर चुकला ना? मग आज बार्ली." आणि स्वतःच हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, पोर आहे की शिपाई?"

"गंमत गं. तुला कशातलीच मजा कळत नाही."

ही मजा मग दर शनिवारी चालली. मी भांडायचे, तो हसायचा, ती मुकाट प्यायची.

एकदा तो कामासाठी जकार्ताला गेला. आम्ही दोघीच लिटिल इंडियात गेलो. रसाच्या स्टॉलपुढे म्हटलं, आज हवा तेवढा घे. ती शेजारच्या स्टॉलवर गेली आणि बार्ली सांगितली.

"अगं, बाबा नाहीये इथे."

"आय नो, आई. पण सकाळी मीच पेपर सोडवला. ऑल राँग. सो बार्ली लाह."

इथल्या पोरांसारखं 'लाह' जोडून इतकं साधं बोलली, जणू बसचा नंबर सांगत होती.

नवरा परतला तेव्हा त्याच्यादेखत ते सगळे पेपर मी इमारतीच्या कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये ढकलले आणि लिटिल इंडियातली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच त्याचं तोंड उतरलं. तो तिच्यापाशी जाऊन बसला.

"पिल्लू, बाबाची चेष्टा होती. तू खूप हुशार आहेस."

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "उगाच खोटं नको बोलूस."