कुंदनच्या नावावर

हरेश मढवी हा माणूस मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कबड्डीच्या स्पर्धांत गुणलेखक म्हणून मी गेली कित्येक वर्षं त्याच्या शेजारी, एकाच टेबलाशी बसतो. त्याच्या हातात माइक, माझ्या हातात पेन. पनवेलच्या आसपास कुठल्याही गावात मॅट अंथरली की समालोचनाला हरेश लागतोच. त्याच्याइतकं वाईट बोलणारा आणि त्याच्याइतका खेळ कळणारा दुसरा माणूस आमच्याकडे नाही. लोक सामना बघायला येतात की हरेशची तोंडपाटीलकी ऐकायला, हे आयोजकांनाही सांगता येणार नाही.

"ह्या पोऱ्याला गुन नको, मास्तर, ह्याला भाकर द्या," असं तो भर मैदानात माइकवरून आपल्या आगरी बोलीत म्हणतो. एखाद्याने केस रंगवले असतील तर त्याची धडगत नसते. "केस सोन्याचं नि चढाई पितलेची!" पोरगा बिचारा तिथेच अर्धा बाद होतो. मला तो मास्तर म्हणतो, कारण मी कळंबोलीच्या शाळेत पीटी शिकवायचो. पण म्हणतो अशा सुरात, की मास्तर हा एखादा त्वचारोग असावा.

पोटापाण्याची त्याला ददात नाही. त्याच्या गावातली, बेलपाड्यातली भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, बदल्यात जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उठली आणि भाड्यावर घर मजेत चाललं आहे. एवढं असून हा माणूस सदा एरंडेल प्यायल्यासारखा का, ते बेलपाड्यातल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. कारणाचं नाव कुंदन भोईर.

दोघे एकाच आळीतले, एकाच वयाचे. विशी ओलांडली तेव्हाची गोष्ट. तेव्हा कबड्डी मातीवर होती. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या तोंडावर संघातल्या कुंदनला कावीळ झाली. हरेश त्याच्यापेक्षा कैक पटींनी सरस, पण त्याचं नाव त्या वर्षी गावाच्या संघात नव्हतं. तो मामाच्या गावाकडून खेळला होता आणि एका मोसमात दोन संघांतून खेळता येत नाही. मग गावाने डोकं चालवलं. कुंदनचा शर्ट हरेशच्या अंगात चढवला आणि कुंदन म्हणूनच त्याला उभा केला. याला कुणी लबाडी म्हटलं नाही. कप गावात यायला हवा, बाकीचं देव बघून घेईल.

कप आला. अंतिम सामन्यात गाव हरत आलं असताना हरेशने शेवटच्या चढाईत चार गडी मारले. साखळी धरून उभ्या राहिलेल्या दोघांवरून उडी मारून तो मधल्या रेषेवर पडला. तिथे मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या संघाचा माणूस खेळाडू हेरायला आला होता. लाउडस्पीकरवर जे नाव गाजत होतं ते त्याने लक्षात ठेवलं, आणि महिनाभराने कंपनीचं बोलावणं आलं. नोकरी, राहायला क्वार्टर आणि काम काय, तर कबड्डी खेळायची. बोलावणं कुंदन भोईरला होतं. हेरून गेलेला माणूस वेगळा, भरती करणारे वेगळे, आणि मातीने माखलेल्या पोराचं तोंड कोण लक्षात ठेवतो?

गाव बसलं. खरं सांगावं तर कप परत द्यावा लागणार, वर संघावर बंदी येणार. म्हाताऱ्यांनी निकाल दिला, की बोलावणं ज्याच्या नावाचं तो जाईल. हरेशच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "तुज्या तं अंगान खेल हाय. पुढल्या वरसाला तुना पन बोलवतील." पुढल्या वर्षी कुणी बोलावलं नाही. त्याच्या पुढल्याही नाही.

तेव्हापासून हा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहिला. त्याचं खरं आयुष्य मुंबईत, कुंदनच्या क्वार्टरमध्ये चाललं होतं. कुंदनने स्कूटर घेतली तेव्हा हा नाक्यावर म्हणाला, "माजी स्कूटर आली." कुंदनला बढती मिळाली तेव्हा, "मना सायब केला." कुंदन कुटुंबाला घेऊन उटीला गेल्याचं कळलं त्या दिवशी हा जेवायलाच बसला नाही. बायको रेवा ताट घेऊन उभी, तर म्हणे, "मी उटीला हाय."

"मंग तुमच्या त्या जल्मान मी कुठं हाय?" तिने विचारलं.

"तू नाय. तिकडं दुसरी हाय. गोरी."

हे तो माणूस माझ्यासमोर बोलला. रेवावहिनींनी त्याच्या डोक्यात वरवंटा कसा घातला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. घातला असता तर गुणलेखक म्हणून मी त्याची नोंद केली नसती.

एकदा मात्र, सामने संपून मॅट गुंडाळत होते आणि माइक बंद होता, तेव्हा तो आपणहून बोलला. "मास्तर, मना नोकरीचा काय नव्हता रं. मना फक्त बगाचा व्हता, मी कुठवर जातो." मला खरंच वाईट वाटलं. तेवढ्यात त्याने माझा चहा उचलून पिऊन टाकला आणि ते वाईट वाटणं तिथेच संपलं.

यंदा कुंदन रिटायर होऊन गावात राहायला आला. इतक्या वर्षांत तो लग्नकार्यापुरता यायचा आणि जेवण होताच परत जायचा. मंडळाचा अध्यक्ष कल्पेश हा तरुण, उत्साही आणि अकलेने बेताचा. त्याने ठरवलं, की रविवारच्या स्पर्धेत फायनलच्या आधी कुंदनकाकांचा सत्कार करायचा. बॅनरवर कुंदनचा फोटो आणि खाली 'ऐतिहासिक चढाईचे मानकरी'. बॅनर लागल्यावर कुणीतरी त्याच्या कानात खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो धावत माझ्याकडे आला. "सर, प्लीज, हरेशकाकांचा माइक तेवढा तुम्ही घ्या."

मी हात पुढे केला. हरेश म्हणाला, "मास्तर, आज हात लावशील तं बोटं मोडीन. पस्तीस-चालीस वरसं गप रायलो. आज ह्याची अब्रू मॅटवर उतरवतो."

त्याची ती हौस मला नवी नव्हती. पण त्या दिवशी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, आणि मी हात मागे घेतला.

शाल घातली, नारळ दिला. कुंदन हडकुळा, टक्कल पडलेला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. टाळ्या थांबायच्या आत हरेश मॅटवर जाऊन उभा राहिला. "मंडली, ही शाल चोरीची हाय. ती चढाई मी मारली. हा त्या दिवशी पिवला पडून घरान झोपला व्हता. माज्या उडीवर हा आख्खा जल्म बसून खाला. इचारा त्याला, खोटा हाय का?"

कल्पेशने डोक्याला हात लावला. कुंदन उठला, शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि हरेशच्या समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हाणामारी होणार.

"खरा हाय," तो म्हणाला. माइक हरेशच्याच हातात होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आता पुढचा पन आईक. पयल्याच सरावाला कोच बोलला, ती उडी दाखव. मना कुठली उडी येते? उडालो नि तोंडावर पडलो. समदे हसले. दुसऱ्या दिवशी परत तेच. मंग मी बोललो, गुडघा गेला. गुडघ्याला काय झाला नव्हता. पन नोकरी टिकवाची व्हती, तं लंगडाय लागलो. खेलाडूचा मान म्हणून स्टोरमधी बसवला नि तिथं रिटायर होईस्तोवर लंगडत व्हतो, हरेश. बाजारान लंगडत, पोरीच्या लग्नान लंगडत, कोन बगल म्हणून. उटीला पन लंगडत गेलो. गावान नीट चालताना कोन कंपनीतला भेटंल, म्हणून गावान येत नव्हतो."

"मंग गेलास कशाला?" हरेश ओरडला.

"धाडला तुमी! मना कोनी इचारला? मना खेलाचाच नव्हता. मना बाबासोबत शेतावर राहाचा व्हता. तुजी ती उडी, तिनं माजा सत्यानाश केला. बोलावनं आला त्या दिवसापासून मी तुना शिव्या घालतो. रोज."

हरेशचा चेहरा मी जवळून पाहत होतो. इतकी वर्षं तो ज्या आयुष्यावर जळला, ते त्या दिवशी पहिल्यांदा त्याला दिसलं, आणि ते असं निघालं. त्याला रडू येईल असं मला वाटलं. आला तो संताप.

"माजा जल्म व्हता तो, कुंद्या! नेलास तं नेलास, नीट तरी वापराचा व्हतास!"

"आनि माजा?" कुंदन म्हणाला. "मना जो जल्म हवा व्हता तो आख्खा तुज्याजवल व्हता. हा गाव, व्हती तवर शेती, रोज आपल्या पायांनी नीट चालाचा. त्याचा तू काय केलास?"

माइक चालू होता. हरेशने तो आणून आपणहून माझ्या हातात दिला. अखेर कल्पेशने पंचांना शिट्टी मारायला सांगितली आणि दोन्ही संघ मॅटवर उतरले.