सोफ्यावरचे फौजदार

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दातांचे डॉक्टर. दाढ काढताना पेशंटशी अवाक्षर बोलत नसत, हा त्यांचा एकमेव गुण. टीव्हीवाल्यांनी त्यांना उचललं आणि तोही गेला.

कार्यक्रम असा, की आधी खुनाचं एक छोटं नाटक दाखवायचं, शेवट गाळून. मग सोफ्यावरच्या चौघांनी संशयितांना प्रश्न विचारून खुनी ओळखायचा. एक जुनी नटी, एक वकील, एक आपल्याच विनोदाला हसणारे गृहस्थ आणि चौथे दाजी. पहिल्याच भागात त्यांनी माळ्याला पकडलं आणि खुनी माळीच निघाला. माळ्याचं काम करणारा नट इतका डोळे चोरत होता, की शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. पण दाजींच्या अंगात वारं शिरलं ते शिरलंच. आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताईला विचारायचे, "यात फायदा कुणाचा?" इमारतीतले लोक त्यांना 'फौजदार' म्हणून चिडवायचे. दाजींना तो मान वाटायचा.

अशात खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका झोपेतच गेले. वय झालं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, घरात एकटी सून. तीच त्यांचं सगळं करायची. शेजारीपाजारी जमले. सून भिंतीला टेकून बसली होती. आणि दाजींनी कॅमेऱ्यासाठी राखलेल्या आवाजात विचारलं, "शेवटचा चहा कुणी दिला?"

"मीच. रोज मीच देते."

"आणि कप लगेच धुतलात?"

"हो."

"अस्सं," म्हणत दाजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

झालं. कुणीतरी पोलिसांना फोन केला. प्रेताची चिरफाड झाली. निष्पन्न काय, तर हृदय बंद पडलं. पोलीस सुनेची माफी मागून गेले.

ताई म्हणाली, "चला, आपणही माफी मागून येऊ."

"कशाची? मी आरोप कुठे केला? नुसता प्रश्न विचारला."

ताई एकटीच गेली. सुनेनं दार अर्धवट उघडलं. म्हणाली, "वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण आता माझ्या हातचं कुणी पाणीसुद्धा घेत नाही. समाचाराला येतात आणि पोट भरलंय म्हणतात."

"मला चहा टाक," ताई म्हणाली. "आणि दोन खुर्च्या दे."

तिनं त्या खुर्च्या जिन्याच्या तोंडाशीच मांडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत दोघी चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई आधी नाक मुरडून गेल्या, मग एकदा गुडघे दुखतात म्हणून टेकल्या आणि त्यांनीही कप घेतला. हळूहळू बाकीचेही वरमून येऊ लागले. बोटीवरून नवरा आला तेव्हा त्या घरात बसायला जागा नव्हती.

दाजींनी मात्र मधल्या काळात कार्यक्रमात सांगून टाकलं, की एका खऱ्या प्रकरणातही पोलिसांनी त्यांचा सल्ला घेतला होता. सोफ्यावरच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं त्याच दिवशी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं.

कारण काय असावं, हे दाजी अजून मला विचारतात.