बाईंनी कडबा मागितला नव्हता

वाचकहो, सावरून बसा. एका अत्यंत गंभीर बाबीचा जाहीर खुलासा करण्यासाठी मी आज लेखणी उचलली आहे. समस्त उदगीरकरांनी, लातूर जिल्ह्याने आणि जमल्यास सरकारनेही त्याची नोंद घ्यावी. तर खुलासा असा, की त्या दुष्काळात वरातीच्या घोडीसाठी जिल्ह्याच्या साहेबांकडे कडबा बाईंनी मागितला नव्हता. नव्हता म्हणजे नव्हता.

परवा बाईंच्या शोकसभेत एका वक्त्याने “बाईंनी पदर पसरून घोडीसाठी कडबा मागितला” असं ठोकून दिलं. मी खुर्चीतून अर्धा उठलोच. बाई असत्या तर हळूच त्याच्या मागे जाऊन त्यांनी दोन खांद्यांच्या मधोमध बोट रोवलं असतं आणि म्हणाल्या असत्या, “पाठ सरळ! हं, आता बोल खोटं.”

ते बोट ज्याला लागलं नाही असा माणूस त्या काळी उदगिरात सापडणं कठीण. आमची शाळा अपंग मुलांची. मी चित्रकला शिकवायचो, बाई व्यायाम घ्यायच्या. मोंढ्यातल्या लिंगायत आडत्याची ही लेक. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि ताठ इतकी की बसली तरी उभीच वाटायची. “पाठ सरळ!” हे त्या मुलांना म्हणायच्या, मला म्हणायच्या, भाजीवाल्याला म्हणायच्या. एकदा तर गाभाऱ्यात वाकलेल्या पुजाऱ्याला म्हणाल्या. तो बिचारा पिंडीला पाणी घालत होता.

घोडी होती मामूंची. मामू टांगेवाले, पण खरी कमाई लग्नसराईची. घोडीचं नाव बिजली, चाल मात्र बिजली गेल्यानंतरची. त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला आणि लोकांनी लग्नं पुढे ढकलली. बिजली बेकार झाली आणि मामू तिला शाळेच्या कुंपणाला बांधून समोरच्या टपरीवर चहा पीत बसू लागले.

एक दिवस त्यांनी गंमत म्हणून आमच्या सुमनला घोडीवर बसवलं. पोलिओने सुमनचे दोन्ही पाय गेलेले. पोरगी दिवसभर भिंतीला पोत्यासारखी टेकून बसायची. जीभ तेवढी अखंड चालायची. घोडीने दोन पावलं टाकली आणि सुमनची पाठ आपोआप ताठ झाली. होणारच, नाहीतर पडली असती!

बाई बघतच राहिल्या. “सर, बघितलं का? मी वर्षभर घसा फोडून राहिले, आन् ह्या घोडीनं तोंड न उघडता केलं.”

दुसऱ्या दिवसापासून अंगणात घोडेस्वारी सुरू झाली. एक पोर वर, मामूंच्या हातात लगाम, बाई बाजूला, आणि बाकीची पोरं रांगेत भांडत.

पण बिजलीच्या बरगड्या दिसू लागल्या. सरकारी चारा डेपोवर कडबा मिळायचा तो गाई-बैलांना आणि म्हशींना. मामू दोनदा जाऊन आले. “बाई, वो बोलते, घोडा जनावर में नहीं आता. तो क्या मैं इसको शिंगां लगाऊँ?” हिमायतनगरकडचं एक गिऱ्हाईक घोडी विकत मागत होतं. त्याच्याकडे निदान पाणी होतं. मामूंनी बाजारच्या दिवसापर्यंतची मुदत मागून घेतली.

मुख्याध्यापक म्हणाले, “जिल्ह्याचे नवे साहेब येणार आहेत शाळा बघायला. त्यांनाच मागू.”

“न्हाई,” बाई म्हणाल्या. “मागायचं न्हाई. आपली लेकरं जन्मभर काय मागतच बसणार? दाखवायचं. ताठ बसून दाखवायचं. साहेबाला डोळे हायत.” आणि सुमनला त्यांनी दम भरला, “घोडीवर बसायचं, ‘आपले स्वागत असो’ म्हणायचं. कडब्याचा क सुद्धा काढायचा न्हाई. कळलं?”

“हाव बाई,” सुमन म्हणाली.

जिल्हा नवा, साहेब नवे, तेव्हा स्वागत दणक्यात हवं म्हणून मुख्याध्यापकांनी बँड ठरवला. बँडवालेही बेकारच होते. चहावर तयार झाले. मामूंना हे साहेब यायच्या दिवशी सकाळी कळलं आणि त्यांचा चेहराच पडला. “बाई, बँड नको! बँड सुना की ये सीधी मारुती को जाती!”

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. त्याला परणं म्हणतात. बिजलीने उभा जन्म तेच केलं होतं. पाठीवर माणूस आणि कानावर बँड, की निघाली मारुतीला. तिथे नारळ फुटल्याशिवाय मागे फिरायची नाही.

बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. “असं?” एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचला.

साहेबांची जीप आली. बँड कडाडला. सुमनने “आपले” म्हटलं, आणि “स्वागत” म्हणेपर्यंत बिजली निघालीसुद्धा. मामू लगामाला लोंबकळले. फाटकाजवळ बाई उभ्या होत्या. त्यांना ते लावून घेता आलं असतं. मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, बाईंनी ते सताड उघडलं. “चला साहेब,” म्हणाल्या, “मुलांचा कार्यक्रम बाहेर हाय.”

किती दिवसांनी गावात बँड वाजत होता! बाया दारांत आल्या. पोरं नाचू लागली. पुढे बँड, मधे घोडीवर खांबासारखी ताठ सुमन, मागे कुबड्यांवर आमची सगळी शाळा आणि त्यात साहेब. कुणीतरी त्यांना नवरदेवाचे मामा समजून खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला कुंकू लावलं. साहेब भला माणूस. टॉवेल सावरत चालत राहिले.

मारुतीसमोर बिजली थांबली. मामूंनी ओढलं, पुचकारलं, शेवटी हात जोडले. ढिम्म! अखेर समोरच्या दुकानातून नारळ आला आणि तो साहेबांनीच फोडला. बिजलीने त्यांच्या हातातली दोन्ही भकलांतलं खोबरं बघता बघता संपवलं आणि ती त्यांचा खिसा हुंगू लागली. तेव्हा कुठे साहेबांना तिच्या बरगड्या दिसल्या. ते काही बोलणार, तोच आरती घेऊन आलेली म्हातारी किंचाळली, “अगं बया! नवरदेवाला वेण्या हायत की!”

सगळा चौक हसला. साहेबही हसले आणि सुमनकडे बघून म्हणाले, “काय नवरदेव, नवरी कशी पाहिजे तुम्हाला?”

कडबा दुसऱ्याच दिवशी आला, भरून गाडी. हिमायतनगरचं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. बाई शेवटपर्यंत सांगायच्या, “आपण मागितला न्हाई, बरं का सर. आपोआप आला.” आणि मी आयुष्यात एकदाच पाहिलेलं ते दृश्य डोळ्यांपुढे आणून मान डोलवायचो. त्या दिवशी मारुतीच्या पायरीवर बाई गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून, विभूतीवर घाम आणि डोळ्यांत पाणी, पार कमरेत वाकून हसत होत्या. आमच्या बाईंची पाठ वाकलेली! कारण त्या तिथे हातभर अंतरावर उभ्या असताना सुमन घोडीवरून साहेबांना ओरडून म्हणाली होती,

“नवरी नगं! बिजलीला कडबा द्या! आन् मी मागितला म्हणून बाईला सांगू नका!”