काळजाची बाळंतीण

माधवनगरात त्या काळी चालतंबोलतं असं एकही माणूस नसेल, ज्याचं नाक आमच्या माखणाऱ्या मावशीनं पाळण्याच्या वयात ओढून सरळ केलेलं नव्हतं. निदान तिचं म्हणणं तसं होतं. पेठेतून जाताना ती माणसांच्या तोंडाकडं बघायचीच नाही, नाकाकडं बघायची, आणि ओळख पटली की वाटेतच उभं करायची. "हे माझं नाक हाय!" गिरणीतल्या ज्या मुकादमापुढं आमच्या ह्यांची मान कधी वर झाली नाही, त्यालाही तिनं एकदा भर रस्त्यात धरलं होतं. "लय वरडतोस म्हनं कामगारांवर? पायावर पालथा घालून माखलाय मी तुला. तवा बी असाच वरडायचास, आन् न्हाऊन झालं की गप पडायचास. हल्ली न्हात न्हाईस का रं?" मुकादमानं सायकल हातात धरली आणि पुढचा कोपरा येईपर्यंत तिच्यावर बसायचं त्याला सुचलं नाही.

बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हा तिचा धंदा. माखून घ्यायला मी तिच्या हाताखाली आले ती मात्र बाळंतपणापायी नव्हे. लहानपणी मला सांध्यांचा ताप येऊन गेला होता. तो जाता जाता हृदयाची एक झडप चिकटवून गेला. लग्न होऊन सातारकडच्या खंडाळ्याहून इतक्या लांब, ह्यांच्या गिरणीच्या गावात आले, तर पाण्याची घागर उचलली तरी धाप लागायची. शेवटी मुंबईच्या दवाखान्यात डाव्या बरगड्यांमधून आत जाऊन डॉक्टरांनी ती झडप मोकळी केली. टाके छातीखालून पार पाठीपर्यंत. परत आले ती एका अंगाला वाकूनच. खांदा ठणकायचा, पाठ आखडायची. पण ठणका परवडला. मला झोपेची भीती बसली होती. डोळा लागला आणि तेवढ्यात काळीज थांबलं तर? म्हणून मी ते ऐकत पडायचे. मी ऐकतेय म्हणूनच ते चाललंय, असं मनानं घेतलं होतं. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, हे कुणाला कसं सांगावं तेही कळेना. आईला दम्यामुळं एसटीचा प्रवास झेपत नव्हता. हे कामावरून आले की विचारायचे, "बरं आहे ना?" आणि मी म्हणायचे, "बरं आहे." दोघंही थकलेले. एवढ्यावरच भागवायचो.

मावशीला ह्यांनीच बोलावलं, तेही आधी डॉक्टरांना विचारून. जखमेपासून लांब, हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकून मावशीनं पदर खोचला. "हरकत न्हाई म्हंजे? त्येला सवताला कुनी माखलेला दिसत न्हाई!"

तिच्या लेखी जगात दुखणं एकच, बाळंतपण. बाकीची सगळी त्याचीच सोंगं. तेव्हा माझंही तिनं बाळंतपणच करायला घेतलं. कानात कापूस, डोक्याला फडकं, जेवणानंतर ओवा आणि बाळंतशेप. रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातनं आलेल्या ज्वारीची, भाकरी गिळवत नव्हती त्या दिवसांत कुठून तरी डिंक मिळवून तिनं लाडू केले. पहिल्या दिवशी बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरीही दिली. मला खोकला आला आणि टाक्यांतून अशी कळ गेली की मी ओरडले. मावशीनं शेगडी उचलून अंगणात नेऊन आपटली आणि तिलाच म्हणाली, "जळलं तुझं त्वांड!" त्यानंतर धुरीचं नाव तिनं काढलं नाही, पण शेगडीकडंही बरेच दिवस सरळ नजरेनं बघितलं नाही.

माखणारी घरात येते म्हटल्यावर पलीकडच्या आळीतली एक बाई कुंची आणि टोपरं घेऊनच आली. इकडं तिकडं बघत म्हणाली, "बाळ कुठाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी माझ्या तळव्याला तेल चोळत होती, तिनं मानसुद्धा वळवली नाही. "पोरीनं काळीज नवं करून आनलंय. त्येच बाळ. बस, च्या घे. कुंची र्‍हाऊ दे, पुढं लागंल."

तिची सुरुवात तळपायापासून. लसूण आणि ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल वाटीत कोमट असायचं. अंगाच्या एकेका भागाशी ती बोलायची. पोटऱ्यांना दटावायची, खांद्याला मात्र गोंजारायची. "खांद्या, लेका, सोड की रं. कुनी न्हाई वडून नेत तुला." टाक्यांच्या वाटेला ती कधी गेली नाही. "त्ये डाक्टरचं रान. माजा बांध हितवर." हळूहळू हात वर जायला लागला, वेणी माझी मी घालू लागले. झोप तेवढी नव्हती.

एका दुपारी हे कामावर होते. मी उजव्या कुशीवर पडलेली, मावशी मागं बसून पाठीला तेल लावत होती. हात थांबवून म्हणाली, "पोरी, तुला झोप येत न्हाई का तू येऊ देत न्हाईस?"

"बरं आहे, मावशी."

"तुमी सातारकडची मानसं! घर जळालं तरी बरं हाय म्हननार. खरं सांग."

मग मला रडूच आलं. "आवं मावशी, मी झोपले आणि हे थांबलं तर?"

कशालाही हसणारी ती बाई, पण हसली नाही. टाक्यांपासून दूर, खांद्याच्या फऱ्यावर तिनं तळवा ठेवला. "चाललंय की. आता असं करू, हितनं फुडं मी ऐकते. तू पड. थांबाय लागलं तर तुला उठवते."

ह्या बोलण्यात काही अर्थ नव्हता, हे मलाही कळत होतं. पण कितीतरी दिवसांनी ते ओझं दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. मला गाढ झोप लागली.

जाग आली ती गिरणीच्या भोंग्यानं. ऊन दारातून आत सरकलं होतं, वाटीतलं तेल गार झालं होतं. पाठीवर मावशीचा हात तसाच होता, जड. आणि मागून घोरण्याचा आवाज येत होता. सकाळपासून घरोघरची पोरं न्हाऊ घालून दमलेली म्हातारी भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. कधीपासून, कोण जाणे. म्हणजे इतका वेळ ऐकणारं कुणीच नव्हतं, आणि काळीज आपलं चाललेलंच होतं.

मी हलले नाही. जरा वेळानं ती दचकून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "सगळं आइकलं बग. येकदा बी चुकलं न्हाई."

मी नुसती मान डोलावली. त्यानंतर ते काम तिच्याकडंच आहे असं धरून मी चालले. आणि पुढं ती देवाघरी गेल्यावरही ते परत मागून घ्यायचं राहूनच गेलं.