ए मॅन की द मॅन

जळगावच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी छड्या मारमारून एक नियम आमच्या डोक्यात पक्का बसवला होता. गोष्ट पहिल्यांदा आली की ‘ए’, पुन्हा आली की ‘द’. आपल्या बोलीत ही भानगडच नाही. आपण नुसतं ‘माणूस आला’ म्हणतो, कोणता ते ऐकणाऱ्याला कळतं. त्या दोन टीचभर शब्दांचा मला मनस्वी राग यायचा. पुढे धुळ्याच्या कोर्टात दुभाष्या म्हणून लागलो आणि ते माझ्या मानगुटीवरच बसले.

त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात दोंडाईचाकडचा एक शेतकरी उभा होता. शेजाऱ्याची कडब्याची गंजी रात्री पेटवली, असा आरोप. शाबीत झाला तर कित्येक वर्षं तुरुंगात खडी फोडायची. त्याच्या बाजूने साक्षीदार एकच, त्याची बायको. तिने पदर पुढे ओढला आणि एका दमात सांगून टाकलं, “बठ्ठी रात मानूस घरमाच व्हता.”

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. ‘मानूस’ म्हणजे तिचा नवराच. माझी आईही जन्मभर असंच म्हणत आली. पण मास्तरांच्या नियमाने इथे ‘ए मॅन’ व्हायला हवं होतं. म्हणजे रात्रभर तिच्या घरात कुणीतरी एक पुरुष होता! नवरा तुरुंगात आणि बायकोची अब्रू वेशीवर.

“द मॅन,” मी म्हणालो.

न्यायाधीशाच्या खुर्चीतल्या गोऱ्या साहेबाला पुस्तकी मराठी येत होती. त्याने टाक थांबवला. “‘तो’ असं ती कुठे म्हणाली? पदरचं घालू नका.”

मी समजावू लागलो तर सरकारी वकील ताडकन उठले. दुभाष्या साक्षीदाराला सांभाळून घेतो आहे, म्हणे! असा संताप आला मला. साहेबाने मला गप्प केलं आणि बजावलं, कोणता माणूस ते तिलाच विचारा. नाव सांगितलं नाही तर मी ‘ए’ लिहीन.

मी विचारलं.

“मानूस म्हंजे मानूस. दुसरा कोन?”

“बघा, नाव सांगवत नाही,” वकील हसले.

पिंजऱ्यातला नवरा तिच्याकडे बघून नको, नको अशी मान हलवत होता. ती माझ्याकडे वळली.

“भाऊ, नाव लिधं तं सोडी देतीन ना त्यासले?”

नाव घेतलं तर त्यांना सोडतील ना, याचं उत्तर द्यायची मला मुभा नव्हती. मी खाली बघितलं. मग ते नाव ऐकू आलं, स्पष्ट, बापाच्या नावासकट. नावाला ए लागत नाही आणि द लागत नाही. मी ते जसंच्या तसं पुढे सांगितलं.

नवरा सुटला. कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली तो हसत तिच्याजवळ गेला. ती मात्र हसली नाही. अंगात ताप आहे का बघावं तसा तिने त्याच्या कपाळाला हात लावला, आणि तो काढेचना.