गोहरमावशीचे तंदूर

आमच्या गावात मुलीचं लग्न ठरलं की तिची आई आधी गोहरमावशीकडे जायची. नव्या घरातला तंदूर मावशीच्याच हातचा हवा असे. गावाजवळच्या शिंगाल डोंगराची तांबूस माती, बकरीचे केस आणि गव्हाचा भुसा एकत्र करून ती पायांनी तुडवत बसे. रोज वीतभर भिंत चढवायची, वाळू द्यायची, मग पुढची वीत. बुधवार आमच्या धर्मात पवित्र, त्या दिवशी मात्र मातीला हात लावायचा नाही, मग कुणाला कितीही घाई असो.

२०१४च्या ऑगस्टमध्ये आमच्या धर्माच्या माणसांना मारायला बंदूकवाले आले आणि आम्ही सगळे डोंगरावर पळालो. मावशीचा नवरा खलफ पाण्यावाचून तिथंच वारला. त्याला दगडांखाली ठेवून ती उतरली आणि पुढे दुहोक शहराजवळच्या निर्वासितांच्या छावणीत आमच्या शेजारच्या तंबूत आली.

छावणीत तिनं तंदूर करायचं साफ नाकारलं. बायका मागे लागल्या की म्हणायची, "तंदूर घातला की घर झालं. माझं घर इथं नाही."

मग सगळ्या जणी पत्र्यावर रोट्या भाजायच्या. माझी आई तिला ऐकू जाईल असं बोलायची, "चामडं चावून आमचे दात पडले, पण हिचा हट्ट काही पडत नाही."

अशी पाच वर्षं गेली. मग एका सकाळी बफरीन आली. एकोणीस वर्षांची मुलगी. घरातली सगळी माणसं त्या ऑगस्टमध्येच नाहीशी झालेली, चुलत्याकडे वाढलेली. तंबूच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "मावशी, माझं लग्न ठरलंय. मागायला आईनं यायचं असतं. ती नाही, म्हणून मीच आले."

मावशीनं मुलीला बसवलं, चहा दिला. मुलगी गेल्यावर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन छावणीमागच्या टेकडीवर गेली.

तिथली माती रेताड. पहिला तंदूर वाळताना फुटला. तिनं तो मोडला, माती पुन्हा भिजवली, केस दुप्पट घातले. दुसरा टिकला. लग्नाच्या दिवशी त्यातली पहिली रोटी निघाली तेव्हा माझी आई रोटी हातात धरून नुसती वास घेत राहिली. मावशी म्हणाली, "खा आता, दात आहेत तोवर."

त्यानंतर तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. छावणीत तिचे वीसेक तंदूर झाले.

पुढे आम्ही काही घरं गावाला परतलो, त्यात तीही होती. तिचा मुलगा जर्मनीत. फोनवर म्हणतो, "आई, ये ना. इथं दुकानात सगळं मिळतं."

"मग माझ्यावाचून तुझं काय अडलंय?" ती म्हणते.

तिच्या घराच्या दोन खोल्यांवरच छप्पर आहे. गावातली निम्मी घरं बंद आहेत. परवा ती माती तुडवत असताना मी तिला विचारलं, "मावशी, ती पाच वर्षं तू तंदूर केला नाहीस, ते बरोबर होतं?"

ती तुडवायची थांबली. "खलफला वर ठेवून आले होते. दुसरीकडे चूल मांडायला मन धजेना," ती म्हणाली. "पण तोवर तुमची पोरं पत्र्यावरच्या रोट्या खाऊन मोठी झाली. ते माझ्या मनाला लागतं."

मग तिनं मला भुशाचं टोपलं पुढे सरकवायला सांगितलं.