पाहून आलो तरी

माझे मिस्टर मोताळ्याच्या शाळेत गणित शिकवतात. मोटारसायकल इतकी जपून चालवायचे, की मागे बसून मला पेंग यायची. तरी चाक खड्ड्यात आदळलं की ते दचकत. "कोणाले धक्का तं नाई लागला?" म्हणत गाडी वळवत. रस्ता रिकामा असे. दोन्हीकडे कपाशी, एखादी चरणारी शेळी. पुढे निघालो की पुन्हा मान मागे.

"आता तं पाह्यलं ना जी," मी म्हणायची.

"पाह्यलं. पन नीट पाह्यलं का?"

एका सकाळी वडनेर भोलजीहून दिरांचा फोन आला. सासूबाईंना धाप लागली होती. "वहिनी, दादाले घेऊन या लवकर. माय त्याचंच नाव घेऊन राह्यली." आम्ही तसेच निघालो. नांदुऱ्याच्या अलीकडे गाडीला दणका बसला आणि ते वळले. नालीत उतरून पाहिलं, पुलाखाली पाहिलं. थोडं पुढे गेलो, तर पुन्हा वळले. मी रस्त्यावर उतरून रडायला लागले.

"माय वाट पाहून राह्यली, चला ना!"

त्यांचेही डोळे भरले होते. "मले समजते गं. पन कोणी पडून असंन तं?"

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तेराव्यानंतर दीरच आम्हाला अकोल्याला मानसिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "असले विचार सगळ्यांनाच येतात आणि निघून जातात. यांचं लक्ष तिथेच अडकतं. जितकं तपासतील, तितका स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडत जातो."

"म्हंजे मी येडा नाई?" यांनी विचारलं.

"नाही. हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहे."

गोळ्या सुरू झाल्या. चाक आदळलं तरी वळायचं नाही, भीती वाटेल तेवढी वाटू द्यायची, असा सराव सुरू झाला. पहिल्यांदा न वळता घरी आले तेव्हा शर्ट घामानं पिळून काढण्यासारखा झाला होता. आता ते बरेच सावरलेत.

परवा जेवताना मात्र त्यांचा घास हातातच राहिला. "माय माह्यावर रागावून गेली असंन का?"

असल्या प्रश्नाला 'नाही' म्हणून धीर द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. एकदा उत्तर मिळालं, की तोच प्रश्न पुन्हा येतो. मी त्यांच्या ताटात भाकर वाढली.